माणसं मागेच आहेत

माझ्या लग्नात स्टेजवर नवऱ्यामुलासाठी जी लाल मखमली खुर्ची ठेवलेली, तिच्यावर माझ्या आधी एक रुमाल येऊन बसलेला. निळ्या चौकड्यांचा, चार घड्या घातलेला. मुंडावळ्या बांधून मी तिथे पोचलो, फोटोवाला तो रुमाल उचलायला वाकला आणि खालून आवाज आला, "हात लावू नका. मिलिंदची जागा आहे ती."

"अहो, नवरदेवाच्या खुर्चीवर दुसरं कोण बसणार?" फोटोवाला म्हणाला.

"लोकांचं काही सांगता येत नाही," कुंदाआत्या म्हणाली.

कुंदाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात नोकरी केली, रिटायर झाली आणि आता ठाकुर्लीला दोन खोल्यांत एकटी राहते. उंचीला बेताची, अंगाने काटकुळी, मागे घट्ट अंबाडा आणि खांद्याला एक खाकी पिशवी. त्या पिशवीला आम्ही घरचे लोक 'धरायची पिशवी' म्हणतो. तिच्यात रुमाल असतात, जुनं वर्तमानपत्र असतं, पाण्याची रिकामी बाटली, चष्मा नसलेलं चष्म्याचं घर, दांडा मोडलेली छत्री आणि आमच्यापैकी कुणाचा तरी लहानपणचा एक लोकरी मोजा. यातली एकही वस्तू वापरायची नसते. त्या खुर्च्यांवर ठेवायच्या असतात.

कुठेही जायचं ठरलं की आत्या पुढे. आम्ही पार्किंग शोधत, भांडत, घाम पुसत पोचेपर्यंत हिने दुसऱ्या रांगेतल्या पंख्याखालच्या खुर्च्या धरलेल्या असतात. कोणी विचारलं, "इथे कोणी आहे का हो?" की हिचं ठरलेलं उत्तर, "माणसं मागेच आहेत." हे ती इतक्या खात्रीने म्हणते की विचारणारा मान वळवून मागे बघतो. मागे कुणीही नसतं. आम्ही तेव्हा घरी इस्त्री करत असतो.

नाटकाला गेलो तरी तेच. मी एकदा तिला म्हटलं, "आत्या, तिकिटावर नंबर छापलेला असतो. ती सीट आपलीच असते."

"नंबर कागदावर असतो. लोक खुर्ची बघतात," ती म्हणाली आणि रुमाल नीट केला.

एकदा मात्र कहर झाला. डोंबिवलीला माझ्या चुलतबहिणीच्या, विद्याच्या, नणंदेचं लग्न होतं. हॉल पहिल्या मजल्यावर. आत्याने तळमजल्यावरच्या लग्नात जेवणाचं एक अख्खं टेबल धरलं. आम्ही वर तिची वाट बघतोय आणि ती खाली कुणालाही बसू देत नाहीये. कुणाच्या तरी मामांना उठवलं, कुणाच्या तरी व्याह्यांना 'तिकडे बघा' म्हणून सांगितलं. शेवटी मुलीचे वडील हात जोडून आले. "आपण मुलाकडच्या का?" त्यांनी घाबरतच विचारलं. कारण एवढा आवाज मुलाकडच्यांशिवाय कुणाचा असतो? मी फोन केला तेव्हा तीच माझ्यावर ओरडली, "तुम्ही आहात कुठे? मी एकटी लोकांना किती थोपवू?" चूक कळल्यावर मेली असती लाजेने, असं तुम्हाला वाटेल. छे. तिने शांतपणे आपलं सामान पिशवीत भरलं आणि त्या वधुपित्याला सांगितलं, "आता बसवा तुमची माणसं. जागा चांगल्या आहेत. वारा येतो."

मी ठाण्याला नौपाड्यात राहतो. आमच्या डॉक्टरांकडे फार गर्दी असते, म्हणून लोक दवाखाना उघडायच्या आधीच बाहेर चपला काढून नंबर लावतात आणि अनवाणी चहाला जातात. आत्याला ही पद्धत कळली तेव्हा तिला आपल्या विचाराची माणसं भेटल्याचा आनंद झाला. मला सर्दी झालेली. डॉक्टरांनी शटर वर केलं तर रांगेतल्या पहिल्या पाच चपला आमच्या घरच्या. आजारी मी एकटा. "असू देत," आत्या म्हणाली. "कुणाला वाटेत काही झालं तर?"

आता तुम्ही म्हणाल, जागेची एवढी आवड आहे तर बाई निवांत बसत असेल. ती बसतच नाही. तिला बसलेली पाहिल्याचं मला आठवत नाही. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, टीव्हीवरच्या बातम्या दाराच्या चौकटीला टेकून. पाटावर आम्हाला बसवणार आणि स्वतः वाढत उभी राहणार. वाढताना तर तिचा हात धरायची कुणाची छाती नाही. ताटावर आडवा हात धरला तर ती बोटांच्या फटीतून भात वाढते. मी मूळचा बसणारा माणूस. मला कुठेही ठेवा, मी टेकायला काहीतरी शोधतो. त्यामुळे आत्या घरी आली की मला अपराध्यासारखं वाटतं. ती उभी असताना बसायचं कसं, आणि ती तर जाईपर्यंत उभीच. "बस गं जरा," असं सुजाता, माझी बायको, म्हणते. "बसते काय, निघालेच," असं आत्या म्हणते आणि मग तास-दीड तास उभी राहून निघते.

तिच्या त्या ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत आमच्या घराण्यातला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी राहिलेला आहे. माझे वडील गावाहून आले ते तिथेच. प्रशांत, माझा चुलतभाऊ, कॉलेजला असताना तिथे. मी नोकरी लागल्यावर तिथे. विद्या बाळंतपणानंतर तिथे. मग कुणी ठाण्याला घर घेतलं, कुणी कल्याणला, कुणी बदलापूरला. आत्याने मात्र गाद्या टाकून दिल्या नाहीत. भिंतीला लावून अजून तशाच रचून ठेवल्यात, वर चादर घालून. "लागतात," असं म्हणते.

तर अशा या बाईचा गुडघा गेला.

आधी डावा, मग त्याला सोबत म्हणून उजवा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. ही म्हणाली, "आणि मग महिना-दोन महिने कोण बसून राहणार?" डॉक्टर म्हणाले, निदान चालणं कमी करा. ही "हो" म्हणाली आणि चालत घरी गेली.

नेमकं त्याच वेळी प्रशांतच्या डोक्यात सहल आली. घाटाच्या अलीकडे एक मोठं थीम पार्क आहे, त्याच्याच आवारात रिसॉर्ट. दोन दिवस राहायचं, पोरांनी पाळण्यांत ओरडायचं, मोठ्यांनी पाण्यात डुंबायचं. प्रशांतचे चौघे, विद्याचे चौघे, आम्ही तिघं. घरच्या ग्रुपवर सगळं ठरलं. मग प्रशांतने मला वेगळा फोन केला. "आत्याचं काय करायचं रे? तिथे नुसतं चालणं आहे. तिलाच त्रास होईल. तू सांग ना तिला समजावून. तुझं ऐकते ती."

माझं ती कधीही ऐकत नाही. पण ज्यांना कोणी हो म्हणत नाही अशी कामं आमच्या घरात माझ्याकडेच येतात. मी ठाकुर्लीला गेलो. गाद्यांना टेकून बसलो. ती चहाचा कप घेऊन समोर उभी राहिली, एका हाताने ओटा धरून. मी म्हटलं, "आत्या, तिथे फार चालायला लागतं. तू यावेळी आराम कर. आपण नंतर खडवलीला जाऊ, नदीवर, गाडीनेच. मस्त डबा घेऊन."

तिने कप विसळला, पालथा घातला. मग म्हणाली, "म्हणजे मी मागे राहायचं."

"मागे असं नाही गं."

"मग पुढे जागा कोण धरणार?"

"तिथे जागा धरायला लागत नाही, आत्या. पैसे भरलेत आपण."

"पैसे सगळ्यांनीच भरलेत," ती म्हणाली आणि ओटा पुसायला लागली. पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती. मला तिथे बसवेना. मी लवकर निघालो.

दोन दिवसांनी सकाळी तिचा फोन. "खाली ये. मी नौपाड्यात आहे." मी लेंग्यावरच खाली गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान आहे, तिथे हॉस्पिटलच्या खाटा, व्हीलचेअर, वॉकर असलं सगळं भाड्याने मिळतं. दुकानाच्या मध्यावर एक गाडी होती. चार छोटी चाकं, पुढे हँडल, हँडलला जाळीची टोपली आणि गोल फिरणारी गुबगुबीत खुर्ची. म्हाताऱ्या माणसांना फिरायला असते तशी बॅटरीची स्कूटर. तिच्या खुर्चीवर निळ्या चौकड्यांचा रुमाल होता आणि आत्या शेजारी उभी होती.

दुकानदार मला बघून सुटल्यासारखा म्हणाला, "या साहेब. मॅडम काल संध्याकाळी येऊन रुमाल टाकून गेल्या. मी म्हटलं नाव लिहून घेतो, तर म्हणाल्या गरज नाही. बरं, पेशंट कोण आहे?"

"पेशंट कोणी नाही," आत्या म्हणाली.

"मग बसणार कोण?"

"मी. पण मी पेशंट नाही. मला पुढे जायचंय."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी दुकानातल्या एका व्हीलचेअरवर बसलो. त्याला वाटलं, पेशंट मीच.

मग त्याने तिला गाडी समजावली. उजवा खटका दाबला की पुढे, डावा दाबला की मागे, मागे जाताना टीं टीं वाजते. सोडलं की आपोआप थांबते. मध्ये वेगाचं गोल बटण, त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. "तुम्ही आपलं कासवाकडेच ठेवा, मॅडम. गोष्ट माहितीये ना? कासवच जिंकतं."

"ससा झोपला म्हणून हरला. मी दुपारची झोपत नाही," असं म्हणून आत्याने बटण सशाकडे फिरवलं आणि गाडी बाहेर काढली. गल्लीत भाजीवाल्याने पाट्या मागे ओढल्या. एक रिक्षावाला थांबला, त्याने मान बाहेर काढून विचारलं, "काय आजी, लायसन्स?" आत्याने हॉर्न वाजवला. ती गल्लीच्या टोकाला गेली, टीं टीं करत वळली आणि परत आली, तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना. बसलेली आत्या मी पहिल्यांदाच बघत होतो. बसलेली, पण थांबलेली नाही. मला वाटलं, देवाने हिच्यासाठी काय वाहन काढलंय.

"प्रशांतला सांग," ती म्हणाली, "मला खुर्ची लागणार नाही. मी खुर्ची घेऊनच येतेय."

निघायच्या दिवशी टेम्पो ट्रॅव्हलर नौपाड्यात आमच्या दारात येणार होती. मी खाली उतरलो तर गाडी उभी, ड्रायव्हर बाहेर, आणि प्रत्येक सीटवर काही ना काही ठेवलेलं.

"आत्या, अख्खी गाडी आपलीच आहे."

"आपलीच म्हणून काय झालं?"

ड्रायव्हर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, मला पण विचारत होत्या, तुमच्या सीटवर कुणी आहे का म्हणून."

स्कूटरचे चार तुकडे होतात. ते मागे रचले. तिथे पोचल्यावर मी आणि प्रशांतने ते जोडायला घेतले आणि घामाघूम झालो. आत्याने खुर्ची खटकन बसवली, बॅटरी आत सरकवली आणि "तुम्ही या सावकाश" म्हणून निघून गेली. तिने दुकानात जोडणी दोनदा करून बघितलेली.

पहिल्या दिवशी तिने आमच्या नाकी नऊ आणले. एवढं मोठं पार्क, सगळे रस्ते गुळगुळीत, हिच्या बुडाखाली ससा. आम्ही एका पाळण्याच्या रांगेत घुसतोय तोवर ही पुढच्या पाळण्याला नंबर लावून आलेली. "चला चला, तिकडे मी धरलंय." आगगाडीत पुढचे डबे धरले. सावलीतले बाक धरले. जादूच्या खेळाला पहिली रांग धरली, तिथे पुढे पाणी उडवतात हे तिला ठाऊक नव्हतं. आम्ही चिंब भिजलो, ती वरच्या उतारावर स्कूटरवर कोरडी बसून बघत होती आणि हसत होती. स्वतः मात्र कशातच बसली नाही. विद्याच्या मुलीने फार मागे लागून विचारलं, "आजी, एकदा तरी बस ना पाळण्यात." तर म्हणाली, "मी बसले तर बाहेर कोण राहील?" पोरगी कंटाळून गेली. खरं सांगायचं तर संध्याकाळपर्यंत आम्ही सगळेच थोडे कंटाळलेलो. सुट्टीवर आलोय की धाडीवर, असं झालेलं. रात्री प्रशांत हळूच म्हणाला, "उद्या जरा आपापलं फिरू या. तिच्याकडे गाडी आहे, तिची काही काळजी नाही."

आणि ते आम्हाला पटलं. गाडी आली तशी आमची काळजी सुटली. गाडी येण्याआधी तिचा हात धरून चालावं लागायचं, म्हणून निदान कोणीतरी तिच्याबरोबर असायचं.

दुसऱ्या दिवशी ठरलेलं असं, की दुपारी मोठ्या जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी भेटायचं आणि जेवून सर्वांत उंच पाळण्याला जायचं. आत्या सकाळीच पुढे गेली. आम्ही लाटांच्या तलावात उतरलो. तिथून बाहेर पडवेना. काठावरच पावभाजीचा स्टॉल होता, पोरं भुकेने रडकुंडीला आलेली. प्रशांतने ग्रुपवर टाकलं, 'आम्ही इथेच खातोय. आत्या, तू पण ये इकडे.' सगळ्यांनी पावभाजी खाल्ली. मी दोनदा खाल्ली. मग एक सावलीतली आरामखुर्ची गाठली आणि टॉवेल तोंडावर घेतला. आत्याचं उत्तर आलं की नाही, ते कुणी बघितलं नाही. मीही नाही.

झोप लागत होती तेवढ्यात भोंग्यावरून आवाज आला. "एक लाल रंगाची बॅटरी स्कूटर, सीटवर निळा रुमाल, उंच पाळण्याच्या प्रवेशद्वाराशी आहे. मालकांनी कृपया लगेच यावे."

मी चपला न घालताच पळालो. वाटेत काय काय मनात आलं ते सांगत नाही. पडली असेल. चक्कर आली असेल. पाळण्याशी पोचलो तर ही मोठी रांग, आणि रांगेच्या अगदी तोंडाशी, दाराला नाक लावून, आत्याची स्कूटर. वर रुमाल. आत्या नाही.

दारावरचा माणूस वैतागलेला. "तुमची आहे का? अहो, नंबर आलाय हिचा. मी हिला बसवू कुठे?"

"पण इथवर आली कशी?"

मागे उभा असलेला एक जाडसा गृहस्थ जरा ओशाळून म्हणाला, "आम्हीच आणली. रांग सरकली की पुढे ढकलत होतो. रुमाल टाकलेला होता ना. त्या बाई म्हणाल्या, माणसं मागेच आहेत, मी तोवर जेवायच्या जागा धरून येते."

"चालत गेल्या?"

"हो. धरून धरून."

त्याच्या मागच्याही चार-पाच जणांनी मान डोलावली. आमच्या अकरा जणांचा नंबर त्या अनोळखी लोकांनी ढकलत ढकलत वरपर्यंत आणून ठेवलेला, आणि आमचा पत्ता नाही. मला तिथे धड उभं राहवेना. मी रुमाल खिशात घातला, त्या खुर्चीवर बसलो, बटण सशाकडे फिरवलं आणि जेवणाच्या हॉलकडे सुटलो.

हॉल खच्चून भरलेला. लोक ताटं हातात घेऊन जागा शोधत हिंडतायत. आणि खिडकीशी दोन लांब टेबलं जोडून रिकामी. टेबलांच्या टोकाशी आत्या उभी. खुर्च्यांवर सामान मांडलेलं. रुमाल, वर्तमानपत्र, बाटली, मोडकी छत्री, मोजा, चष्म्याचं घर. पिशवीतलं संपलं तेव्हा तिने अंगावरचं काढलेलं. एका खुर्चीवर पदराची पिन. एकीवर तिचा खराखुरा चष्मा. एकीवर मोबाइल, उलटा ठेवलेला. आणि शेवटच्या दोन खुर्च्यांवर तिची एकेक चप्पल. ती अनवाणी उभी होती, दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून. म्हणून तिने मेसेज वाचला नव्हता. मोबाइलने प्रशांतच्या पोराची जागा धरलेली आणि चष्म्याने बहुतेक माझी.

एक बाई दोन पोरांना घेऊन तिच्यासमोर उभी होती, नवरा मागे ताटं सांभाळत. आवाज चढलेला नव्हता, पण थकलेला होता. "मावशी, आम्ही केव्हाचे बघतोय. कुणी येत नाहीये तुमचं. पोरांपुरत्या तरी द्या ना."

"माणसं मागेच आहेत," आत्या म्हणाली.

आणि या वेळी मान वळवून मागे तिनेच बघितलं.

मी दारात होतो. तिला चष्म्याशिवाय मी दिसलो नाही. तिने डोळे बारीक करून दाराकडे बघितलं, मग पुन्हा पुढे तोंड केलं आणि खुर्चीवरचा मोजा नीट सरळ केला.

मी हॉर्न वाजवला. तिने ओळखला.

"बाकीचे?" तिने विचारलं.

"मागेच आहेत," मी म्हटलं.

मग पाण्याचं निमित्त करून बाजूला गेलो आणि प्रशांतला फोन लावला. "सगळ्यांना घेऊन जेवणाच्या हॉलमध्ये ये. आत्ता."

"अरे, आम्ही खाल्लं ना. तू पण खाल्लंस."

"परत खायचं. आणि खाल्लं म्हणून कुणी तोंडातून काढायचं नाही. पोरांना पण सांग."

तो म्हणाला, "अरे देवा. ती तिथे आहे?"

मी परत आलो. तिला स्कूटरवर बस म्हटलं. लगेच बसली, एवढे पाय दुखत असणार. मी तिच्या चपला खुर्च्यांवरून उचलून खाली तिच्या पायांशी ठेवल्या, एका खुर्चीवर तिचाच निळा रुमाल ठेवला आणि दुसऱ्या खुर्चीवर स्वतः बसलो.

"एवढ्या कशाला धरून ठेवल्यास?" मी म्हटलं. "त्या बाईंना चार द्यायच्या. तू एकीवर बसायचंस निवांत."

तिने चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "एका खुर्चीवर बसलेली बाई एकटी दिसते रे," ती म्हणाली. हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाली. "अकरा धरून उभी राहिली की लोक म्हणतात, हिचं घर मोठं आहे."

मी तिचा हात धरला, तर तिने तो सोडवून घेतला आणि एका माणसाने खुर्चीकडे हात नेला म्हणून त्याला "आहे कुणीतरी" असं सांगितलं.

मग ते आले. ओल्या केसांनी, टॉवेल गळ्यात, पोरं चपलांचा चपक चपक आवाज करत. हॉलभर लोक बघायला लागले. प्रत्येकाने आपापल्या खुर्चीवरची वस्तू उचलली, आत्याच्या हातात दिली आणि बसला. सुजाताने वर्तमानपत्र दिलं. प्रशांतने मोजा दिला, तेव्हा त्या मोज्याकडे जरा जास्तच बघितलं. त्याचाच होता तो बहुतेक.

"किती उशीर," आत्या म्हणाली. "मी इथे लोकांना किती थोपवू?" आणि मग त्या दोन पोरांच्या आईकडे वळली. "सांगितलं नव्हतं? हे बघा. मागेच होते." तिचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला असेल. लगेच आमच्या पोरांना म्हणाली, "सरका रे, दोघांनी एकीवर बसा. त्यांच्या मुलांना बसू दे." ती बाई संकोचली, पण मुलं बसली.

ताटं आली. वरण, भात, दोन भाज्या. विद्याचा धाकटा माझ्याकडे बघून "पण मामा, आपण तर..." एवढंच म्हणाला आणि त्याच्या आईने त्याच्या तोंडात पापड घातला. सगळे भुकेल्यासारखे हात चोळत बसले. इतकं वाईट नाटक मी आमच्या घरात बघितलेलं नाही.

आत्या उभी राहिली. वाढायला तिला उभंच लागतं. भाताचं भांडं तिने डाव्या हातावर घेतलं आणि प्रशांतपाशी आली. त्याच्या पांढऱ्या टी-शर्टवर छातीवर पावभाजीचा डाग होता, तांबडा, ताजा. आता तिच्या डोळ्यांवर चष्मा होता. तिने डाग बघितला. मग टेबलावरून एकेकाकडे बघत गेली, पोरांच्या तेलकट ओठांकडे, माझ्या पोटाकडे.

तिने प्रत्येकाच्या ताटात छोटीशी मूद वाढली, वर तूप. आणि आग्रह कुणालाच केला नाही.